दुसऱ्या गटाला काय मिळणार?

माझ्या आत्याला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या वर्षी तिच्या लघवीतून प्रथिनं जायला लागली आणि पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात तिला विचारण्यात आलं, की मूत्रपिंडाच्या उपचारांची तुलना चालली आहे, त्यात भाग घ्याल का? हातात चौदा पानांचं संमतिपत्र दिलं. आतेभावानं त्याचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले आणि पुढचे तीन दिवस तिथं पानिपत झालं. ‘आपण काय गिनीपिग आहोत का?’ हा एक पक्ष. ‘तपासण्या फुकट होतील, मोठे डॉक्टर बघतील, शिवाय देशात संशोधन नको का व्हायला?’ हा दुसरा. काकांनी अमेरिकी कंपन्यांवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला, चुलत बहिणीनं त्याला इस्रोचं उदाहरण देऊन उत्तर दिलं. ते चौदा पानी कागद वाचण्याच्या फंदात मात्र दोन्ही पक्षांतलं कुणी पडलं नाही. आत्या त्या ग्रुपवर नाहीच. तिच्याकडे साधा फोन आहे.

हेच भांडण जरा मोठ्या आवाजात आपल्या सार्वजनिक चर्चेतही चालतं. एखाद्या शहरात औषधाची चाचणी सुरू असल्याची बातमी आली, की ‘गरिबांवर प्रयोग’ असा मथळा ठरलेला. त्यावर ‘असं केलंत तर संशोधन परदेशात जाईल’ हा ठरलेला प्रतिवाद. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. चाचणीत गेला त्याच्यावर प्रयोग होतो, नाही गेला त्याच्यावर होत नाही, त्याला मिळतो तो ‘उपचार’.

मला हे गृहीतकच मान्य नाही. प्रयोग आपल्यावर रोज होतात. दवाखान्यात, वॉर्डात, अतिदक्षता विभागात होतात. फरक इतकाच, की चाचणीतला प्रयोग आधी लिहिलेला असतो, कुणाला काय दिलं आणि त्याचं पुढे काय झालं याची नोंद असते आणि काही बिघडलं तर जाब विचारायला कागद असतो. बाहेरच्या प्रयोगाला यातलं काहीच नसतं. त्यामुळे ‘आम्हाला गिनीपिग करू नका’ असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनीच सरकारी रुग्णालयांत जास्त चाचण्या व्हाव्यात म्हणून धरणं धरायला हवं, असं माझं मत आहे.

फार मागे जायला नको, एप्रिल २०२१ आठवा. मी स्वतः त्या महिन्यात एका नातेवाइकासाठी प्लाझ्माचा, म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातल्या द्रवाचा, दाता शोधत तीन दिवस फोन फिरवत होतो. रक्तगट जुळणारा, कोविड होऊन गेलेला आणि घराबाहेर पडायला तयार असलेला माणूस. तो मिळाला तेव्हा अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना बहुधा असावं, की प्लाझ्मानं फायदा होतो का या प्रश्नाचं उत्तर सहा महिन्यांपूर्वीच आलं होतं, तेही आपल्याच देशातून. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, एप्रिल ते जुलै २०२० या काळात ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला नेहमीचे उपचार आणि प्लाझ्मा, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. आजार गंभीर झाला किंवा मृत्यू आला, असे रुग्ण प्लाझ्माच्या गटात १९ टक्के आणि दुसऱ्या गटात १८ टक्के. म्हणजे उपयोग शून्य. ऑक्टोबर २०२० मध्ये हे ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. प्लाझ्मा सरकारी उपचारपद्धतीतून निघाला मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरायला लागल्यावर. मधल्या काळात हजारो घरांनी माझ्यासारखेच फोन फिरवले.

आता सांगा, या कथेत गिनीपिग कोण? चाचणीतले ते ४६४ जण, ज्यांच्याकडून संमती घेतली, ज्यांची नोंद ठेवली आणि ज्यांच्यामुळे खरं काय ते कळलं? की आपण बाकीचे, ज्यांच्यावर तोच प्रयोग मोजमापाशिवाय चालू राहिला?

रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे, आणि ती तशीच सांगायला हवी. अमेरिकी चाचणीत या औषधानं बरं व्हायला लागणारे दिवस कमी झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत मात्र मृत्यू टळल्याचं दिसलं नाही आणि नोव्हेंबर २०२० मध्ये संघटनेनं ते सरसकट न वापरण्याची शिफारस केली. पुढे २०२२ मध्ये पूर्ण आकडे आले, तेव्हा ऑक्सिजनवर असलेल्या पण व्हेंटिलेटरवर न गेलेल्या रुग्णांत थोडासा फायदा दिसला. थोडासा, म्हणजे मृत्यूचं प्रमाण १६.३ वरून १४.६ टक्के. आपल्याकडे औषधदुकानांपुढे पहाटेपासून लागलेल्या रांगा, काळ्या बाजारातले भाव आणि त्यासाठी मोडलेले दागिने या दीड-पावणेदोन टक्क्यांसाठी होते का? त्या रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही तसं सांगितलं गेलं नव्हतं. ‘इंजेक्शन मिळालं तर वाचेल’ असंच त्यांना वाटत होतं.

आणि खरोखर जीव वाचवणारं औषध कुठलं निघालं? डेक्सामेथासोन. पन्नास-साठ वर्षांपासून वापरातलं, अगदी तालुक्याच्या दुकानातही मिळणारं, काही रुपयांचं स्टेरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू त्यानं सुमारे ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आणले. हे जून २०२० मध्ये कळलं, कारण ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांनी मार्चपासूनच ‘रिकव्हरी’ नावाची एक साधी चाचणी उघडली होती. त्यांनी वेगळी इमारत बांधली नाही की नवी यंत्रं आणली नाहीत. भरती होणाऱ्या रुग्णाला विचारायचं, संगणकाकडून चिठ्ठी काढायची आणि शेवटी एक आटोपशीर फॉर्म भरायचा. औषध देणार होतेच, ते फक्त हिशेब ठेवून दिलं. त्या उन्हाळ्यात देशात सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात होते. मुंबई-पुण्याच्या पालिका आणि सरकारी रुग्णालयांत खाटा अपुऱ्या पडत होत्या. स्टेरॉइड कुणी देत होतं, कुणी देत नव्हतं, कुणी पहिल्या दिवशी देत होतं तर कुणी दहाव्या. प्रत्येक वॉर्ड हा एक प्रयोगच होता. दोन्ही गट समोर होते, फक्त कुणी मोजत नव्हतं.

‘अनुभवी डॉक्टरला मोजायची काय गरज, त्याला दिसतंच की,’ असं म्हणणारे भेटतात. दिसतं, पण काय दिसतं? कोविडच्या बहुसंख्य रुग्णांना काहीही दिलं असतं तरी ते बरे होणारच होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली, की कावळ्याला श्रेय देणारं मन आपल्या सगळ्यांकडे आहे, आणि एम.डी. झाल्यानं ते जात नाही. उलट हजार रुग्ण बघितलेल्या माणसाचा भ्रमही हजारपट पक्का असतो. दुसऱ्या गटाकडे बघितल्याशिवाय पहिल्या गटाचं काय झालं हे कळतच नाही, इतका साधा हा मुद्दा आहे.

यावर विरोधकांचं म्हणणं आहे, आणि ते हलकं नाही. मी ते त्यांच्यापेक्षा सौम्य करून मांडणार नाही.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथं १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्यानं सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता नुसती ‘नोंद’ ठेवली. पेनिसिलिन हे त्यावरचं औषध हाताशी आलं तरी ते दिलं नाही. म्हणजे मी ज्या नोंदवहीची एवढी भलामण करतो आहे, तीच वही तिथं गुन्ह्याचं हत्यार झाली. आपल्याकडे २००५ नंतर नियम सैल झाले, परदेशी कंपन्यांच्या चाचण्यांचा ओघ सुरू झाला आणि इंदूरसारख्या ठिकाणी ज्यांच्या सह्या घेतल्या गेल्या त्यांतल्या अनेकांना आपण चाचणीत आहोत हेच समजलं नव्हतं, अशा तक्रारी आल्या. स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१३ मध्ये न्यायालयानं सरकारला धारेवर धरलं आणि नुकसानभरपाईचे, संमतीच्या दृक्‌श्राव्य मुद्रणाचे नियम आले. आज जे काही संरक्षण आहे, ते ‘गिनीपिग’ म्हणून ओरडणाऱ्यांनी मिळवलेलं आहे. संशोधकांनी ते आपण होऊन दिलेलं नाही, हे मान्य करायला हवं.

पण याच काळातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण नीट बघा. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस दिली गेली. अनेक संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या. सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशी समितीला त्यांचा लशीशी संबंध दिसला नाही, पण संमतीतल्या त्रुटी तिलाही नाकारता आल्या नाहीत आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं गेलं. या प्रकरणाचा दाखला ‘चाचण्या नकोत’ म्हणून नेहमी दिला जातो. मात्र कागदोपत्री ही चाचणी नव्हतीच. तिला ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ म्हटलं होतं. म्हणूनच चाचणीला लागणारी प्रतिकूल घटनांच्या नोंदीची, विम्याची, देखरेखीची बंधनं तिला लागली नाहीत. संसदेच्या स्थायी समितीनं २०१३ च्या अहवालात नेमका हाच आक्षेप घेतला. ‘चाचणी’ हा शब्द बदनाम झाला की लोक चाचण्या थांबवत नाहीत, त्यांना दुसरं नाव देतात. मग कायदा दाराबाहेर उभा राहतो.

याहून अवघड प्रकरण आपल्या घरचं आहे. उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. १९९९ पासून तिथं ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख ३१ हजार बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगसंस्था यांचं हे काम. गावांचे ५२ समूह करून चार गट पाडले. एका गटातल्या बायकांची एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची, तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४, आणि चौथ्या गटात बायकाही जरा कमीच होत्या. आक्षेप असा, की पॅप स्मिअर जगात अर्धं शतक वापरात असताना एकतीस हजार बायकांना तपासणीविना ठेवलंच कसं? अमेरिकेत असं चाललं असतं का?

नसतं चाललं. आणि ‘त्या बायकांना एरवीही काही मिळणार नव्हतंच’ हा जो बचाव केला जातो, तो मला पटत नाही. गरिबी ही संशोधनाची सोय होऊ शकत नाही. अभ्यास संपला की चौथ्या गटाला सर्वांत आधी तपासणी मिळेल, ही लेखी हमी अशा कामात पहिल्या दिवशी दिलेली असावी, असं माझं मत आहे आणि त्यावर मी तडजोड करणार नाही.

एवढं मान्य करूनही निकालाची दुसरी ओळ वाचायला हवी, जी आक्षेप घेणारे सहसा वाचत नाहीत. पॅप स्मिअरच्या गटात आणि व्हिनेगरच्या गटात मृत्यू ठोस म्हणावेत इतके कमी झालेच नाहीत. ज्या तपासणीबद्दल ‘सगळ्या जगाला माहीत आहे’ असं आपण म्हणत होतो, ती एकदाच केली तर उस्मानाबादच्या खेड्यांत पुरेशी पडत नाही, हे त्या चार गटांशिवाय कळलं नसतं. आणि मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयानंच केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, साध्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगरची पाहणी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे एकदा करून न भागलेली तीच स्वस्त पाहणी नेमानं केली तर चालते. हे ज्ञान परदेशातून येणं शक्यच नव्हतं. तिथं प्रयोगशाळा आहेत, पॅथॉलॉजिस्ट आहेत, पत्र पाठवलं की बाई तपासणीला येते.

खरा संताप मला पुढच्या आकड्याचा येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के. उस्मानाबादचा निकाल येऊन तेव्हा दहा वर्षं उलटली होती. चौथ्या गटातल्या एकतीस हजार बायकांवरून परिषदांमध्ये वाद झाले. देशभर पसरलेल्या कोट्यवधी बायकांच्या चौथ्या गटावर मथळा कुणी दिला? त्यांच्यात किती मृत्यू झाले हे मोजलंच जात नाही, म्हणून त्यांच्यावर अन्याय झाला असं कुणाला वाटत नाही. नोंद ठेवली तर पाप, नाही ठेवली तर नशीब, हा कुठला न्याय?

‘दुसऱ्या गटावर अन्याय’ या कल्पनेत आणखी एक गोम आहे. नवं ते चांगलं आणि जास्त ते चांगलं, हे त्यात धरून चाललेलं असतं. आपल्याकडे तर सलाईन लावलं नाही तर डॉक्टरनं काही केलंच नाही असं रुग्णाला वाटतं. अंगात पाणी गेलं म्हणजे ताकद आली. त्यामुळे केनिया, युगांडा आणि टांझानियातली ती चाचणी मी सगळ्यांना सांगत असतो. तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या ३,१४१ मुलांत तीन गट केले. दोन गटांना शिरेतून भराभर द्रव दिला, एकाला सलाईन आणि दुसऱ्याला अल्ब्युमिन या प्रथिनाचं द्रावण. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तसंच करायला सांगितलं होतं. तिसऱ्या गटाला बाकी सगळे उपचार दिले, पण असा भराभर द्रव दिला नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, त्या तिसऱ्या गटातली पोरं बिचारी. २०११ मध्ये निकाल आला. ४८ तासांत द्रव दिलेल्या दोन्ही गटांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं दगावली, न दिलेल्या गटात ७.३ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. शरीरशास्त्राच्या तर्कानं सगळं बरोबर होतं. रक्ताभिसरण मंद, तर द्रव भरा. पण आजारी मुलाचं हृदय आणि फुप्फुसं त्या तर्काप्रमाणे वागली नाहीत.

इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलं आहे. क्षयरोग्याला सॅनिटोरियममध्ये न्यायचं, कोरडी हवा, दूध, अंडी आणि विश्रांती द्यायची, ही एके काळची श्रद्धा. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला घरातलं माणूस नेलेली कुटुंबं आपल्याकडे जागोजागी होती. ज्याला परवडत नसे तो घरीच खोकत राही. १९५६ मध्ये मद्रासला नवी औषधं घेऊन एक तुलना सुरू झाली. निम्मे रुग्ण सॅनिटोरियममध्ये, निम्मे आपापल्या दाटीच्या, गरीब घरांत. औषधं सगळ्यांना तीच. घरचे बिचारे मागे पडतील अशीच बहुतेकांची समजूत. १९५९ मध्ये छापलेल्या निकालात घरच्यांचं बरं होणं जवळपास तितकंच निघालं आणि घरातल्या इतरांना जास्त लागण झाल्याचंही दिसलं नाही. जगभरचे क्षयरोगाचे वॉर्ड पुढे ओस पडले, त्यामागे मद्रासच्या त्या झोपड्यांमधल्या ‘दुसऱ्या गटाचा’ मोठा वाटा आहे. त्यांना कुणी उपेक्षित म्हणेल, पण माझ्या लेखी त्यांनी आपल्या आजोबांच्या पिढीची सक्तीची हद्दपारी संपवली.

तरीही विरोधकांचा शेवटचा मुद्दा उरतोच. संशोधनाचे प्रश्न ठरवतं कोण? कंपनी. तिला महागडं, पेटंटचं औषध विकायचं असतं. कोकणातल्या शेतमजुराला विंचू चावतो त्यात तिला काय रस? हा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. कंपनी विचारत नाही म्हणूनच ते प्रश्न आपल्या पैशानं, आपल्या रुग्णालयांत विचारायचे असतात. आणि हे स्वप्नरंजन नाही, महाडला झालेलं आहे. लाल विंचवाच्या विषानं शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. कोकणात यानं धडधाकट माणसं आणि लहान मुलं मरत. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी बिरवाडीसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्र-रात्र रुग्णांशेजारी बसून हे बारकाईनं नोंदवलं आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध त्यावर वापरलं. मृत्यू झपाट्यानं कमी झाले, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापलं गेलं, नाव झालं.

मला याच्या पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. प्राझोसिनसाठी जगभर ओळखल्या गेलेल्या या डॉक्टरांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह महाडमध्येच ७० रुग्णांची चाचणी घेतली. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. २०११ मध्ये हे ‘बीएमजे’त आलं. स्वतःच्या हयातभराच्या औषधाला स्वतःच तराजूत घालायचं आणि ‘एकटं पुरत नाही’ हे स्वतःच छापायचं. किती नामांकित डॉक्टर हे करतील? आणि तालुक्याच्या गावी ज्याला हे जमतं, ते मोठमोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांना का जमू नये?

‘वेळ कुठे आहे?’ हे त्याचं उत्तर मिळतं, आणि सरकारी रुग्णालयाची ओपीडी पाहिलेला कुणीही ते खोटं म्हणणार नाही. सकाळी नऊ ते दोनमध्ये दीडशे रुग्ण तपासणाऱ्या निवासी डॉक्टरकडून संशोधनाची अपेक्षा करणं क्रूर आहे. पण गंमत अशी, की त्याच्याकडून ती अपेक्षा आजही केली जाते. एम.डी., एम.एस.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून दरवर्षी असे ढीगभर प्रबंध निघतात. प्रत्येकाचा विषय वेगळा, प्रत्येकात पन्नास-साठ रुग्ण, प्रत्येकाचा निष्कर्ष ‘मोठ्या अभ्यासाची गरज आहे’. मग सोनेरी अक्षरांची काळी बांधणी आणि ग्रंथालयाचं कपाट. तोच वेळ, तेच श्रम, तेच रुग्ण. वीस महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी मिळून एकच प्रश्न घेतला तर? सर्पदंशात प्रतिविषाच्या कमी कुप्या पुरतात का? बाळंतिणीच्या रक्तक्षयात शिरेतलं लोह आणि गोळ्या यांत आपल्या बायकांना काय मानवतं? हजारभर रुग्ण एका वर्षात जमतील. प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध मिळेल आणि राज्याला उत्तर. याला नवा कायदा लागत नाही. एकाच वहीत लिहायची तयारी आणि प्रत्येक ठिकाणी एक पगारी संशोधन-परिचारिका लागते.

वहीचा फायदा संशोधकालाही होतो, तो एका जुन्या प्रकरणात दिसला होता. हाफकिननं १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आपण तयार केलेली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली, हे आपण शाळेत ऐकतो. १९०२ चं प्रकरण कुणी सांगत नाही. पंजाबातल्या मलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वातानं मेले. सरकारनं ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिनला बाजूला केलं. पण त्या दिवशी १०७ जणांना लस दिली होती आणि कुणाला कुठल्या बाटलीतून हे लिहून ठेवलेलं होतं. मेलेले एकूण एक ५३-एन या एकाच बाटलीतले निघाले. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हेही पुढे आलं. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. ती बाटल्यांची नोंद नसती, तर लसच बदनाम झाली असती, आणि प्लेग तर गावोगाव फिरत होता.

आत्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ग्रुपवरचं युद्ध अनिर्णित राहिल्यावर मी तिच्याबरोबर रुग्णालयात गेलो. समन्वयक मुलगी चांगली होती, चौदा पानं मराठीत समजावत होती. आत्यानं मध्येच थांबवून विचारलं, ‘दुसऱ्या गटाला काय मिळणार?’ मुलगी म्हणाली, आता जी गोळी चालू आहे तीच, आणि सोबत औषधासारखी दिसणारी साधी गोळी. ‘मग त्यांचं बिघडायला लागलं तर?’ तर बाहेर काढून नेहमीचे उपचार, बिघडण्याची रेषा आधीच ठरवलेली आहे, पान नऊवर. आत्यानं पान नऊ माझ्याकडून वाचून घेतलं. तीन दिवसांत आमच्यापैकी एकालाही न सुचलेले दोन प्रश्न तिनं दहा मिनिटांत विचारले होते.

तिसरा प्रश्न तिनं पेन हातात घेतल्यावर विचारला. ‘निकाल लागला की मला कळवाल ना?’ मुलीनं फॉर्म मागे-पुढे चाळला. वरिष्ठांना विचारून सांगते म्हणाली. त्यासाठी फॉर्मात रकाना नव्हता. आत्यानं सही केली आणि सहीखाली जी काही रिकामी जागा होती, तिथं आपला वाईचा पत्ता पिनकोडसकट लिहिला. त्याच्यापुढे लिहिलं, ‘पत्र पाठवणे.’